कुठे बंद केलंत?

११ जानेवारी

आज बाईंनी माझ्यावर नवी कामगिरी सोपवली. सोपवताना म्हणाल्या, "काका, हे तुम्हीच करायला हवं." वर पुन्हा एकदा, "तुम्हीच." इतक्या स्वयंसेवकांतून मलाच का, हे विचारण्याचा आगाऊपणा मी केला नाही. कारण उघड आहे. माझा आवाज.

काम असं की आमच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाबद्दल सभासदांना खरोखर काय वाटतं ते गोळा करायचं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतो आणि ती त्यांच्या फोनवर जातात. वाचणारे आम्ही सगळे हौशी, बिनपगारी. समितीला फेब्रुवारीअखेर अहवाल हवा आहे, काय चांगलं, काय नको, कोणती पुस्तकं पुन्हा वाचून घ्यायची. मागच्या वर्षी समितीने हेच काम स्वतः केलं होतं. सगळ्या सभासदांना फॉर्म पाठवले. छापील! बारीक टायपातले! एकाने तो शेजाऱ्याकडून भरून घेतला, तर शेजाऱ्याने त्यात स्वतःचंच मत लिहिलं, की पुस्तकाचा आवाज भिंतीपलीकडे येतो, कृपया हळू लावावं. बाई तो किस्सा सांगतात तेव्हा टेबलावर हात आपटून हसतात.

बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. त्यांना जन्मापासून दिसत नाही आणि त्यांच्यापासून काही लपतही नाही. रंगाच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली एक रेकॉर्डिंगची, भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. त्या एवढ्याशा जागेतून बाई अख्खं ग्रंथालय चालवतात. कोण कधी वाचायला येणार, कुणाचं कितवं प्रकरण चालू आहे, कोणत्या माइकची वायर ढिली आहे, सगळं डोक्यात. आज आमच्याबरोबर वाचणारा दंतवैद्य जिन्यातच होता तर म्हणाल्या, "डॉक्टर, नवे बूट चावतायत वाटतं." खरंच चावत होते. मी अशा माणसाच्या हाताखाली काम करतो याचा मला अभिमान आहे.

१३ जानेवारी

फोन सुरू केले. नाव मुद्दाम सांगत नाही. "ग्रंथालयातून बोलतोय" एवढंच. ज्याचं वाचन त्याच्याच तोंडावर मत द्यायला लोक संकोचतात, इतपत माणसं मीही ओळखतो.

पहिला फोन वाद्यं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना. विचारलं, "कुणाचं वाचन आवडतं?" क्षणाचाही विलंब नाही. "ते नाटकवाले काका! त्यांच्यासारखं कुणी नाही!" समोर कोण बोलतंय याची सुतराम कल्पना नसताना! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. विमा कचेरीत उभा जन्म गेला, पण जीव कायम हौशी नाटकांत होता. ते वाया गेलं नाही म्हणायचं.

मग एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी फोन उचलताच विचारलं, "आता सर्दी बरी आहे ना?" मी म्हटलं, "कुणाची?" तशा जरा गडबडल्या. "सगळ्यांचीच हो. हवा किती वाईट आहे." माणसं किती आपुलकीने बोलतात. योगायोग म्हणजे गेल्या महिन्यात रहस्यकादंबरी वाचताना मला खरंच सर्दी होती.

तिसरे एक जण. मी निःपक्षपाती राहून दंतवैद्याबद्दलही विचारलं. "डॉक्टरांचं वाचन कसं वाटतं?" ते म्हणाले, "बरं आहे. पण तुम… म्हणजे काकांचं ते काकांचं." बोलताना त्यांची जीभ जरा अडखळते. मी तेही नोंदवून ठेवलं.

दंतवैद्याबद्दल माझा आकस नाही. पण तो वाचतो म्हणजे स्वतःलाच भूल दिल्यासारखा वाचतो. खून झाला काय आणि लग्न झालं काय, एकच सूर. मी त्या रहस्यकादंबरीत नऊ पात्रांना नऊ आवाज दिले. खुन्याचा तर असा घोगरा, दबका काढला की वाचता वाचता माझ्याच अंगावर काटा आला.

१६ जानेवारी

"सगळे छान म्हणाले?" हिने विचारलं. ही म्हणजे माझी बायको. पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर तिची सगळी नोकरी झाली, त्यामुळे कौतुकावर तिचा मुळी विश्वासच नाही.

"एकूण एक," मी म्हटलं.

"अहो, मी इतकी वर्षं खिडकीत बसले. नळाला पाणी आलं म्हणून सांगायला एक माणूस आला नाही."

"कारण तुमचं खातं लोकांना आवडत नव्हतं. आम्ही आवडतो."

ही भाजी निवडत होती. "असेल," म्हणाली आणि देठं माझ्या पुढ्यात सरकवली, टाकून यायला.

१९ जानेवारी

आज घाईवाली ग्रंथालयात आली होती. हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. चालणं, बोलणं, जिना चढणं, सगळं तिचं घाईचं. पांढरी काठी पायऱ्यांवर अशी टकटकते की खाली रंगाच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघतं. पंचविशीची असेल. फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा देते आहे. मागच्या वेळी थोडक्यात हुकली. आता फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा परीक्षा, आणि ही अखेरची संधी, कारण पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येते. तिची आई एका शाळेत साफसफाई करते. दोघींचं सगळं या परीक्षेवर अडकलं आहे. हे मला बाईंनी सांगितलं.

तिचं शरीररचनेचं पुस्तक मी वाचलेलं आहे, त्यामुळे प्रत्यक्षच विचारलं, कसं वाटतं? एरवी एका श्वासात तीन वाक्यं बोलणारी मुलगी जरा थांबली. मग म्हणाली, "खूप छान वाचता काका."

मला बरं वाटलं. त्या पुस्तकावर मी जीव ओतला होता. इतकं रुक्ष पुस्तक, पण 'हृदय' म्हणायचं आणि क्षणभर थांबायचं, मग खालच्या सुरात 'एक स्नायूंचा पंप', हे सगळ्यांना जमणार नाही. मधली कोष्टकं अर्थातच गाळली. "येथे एक कोष्टक आहे" असं सांगून पुढे गेलो. स्नायूचं नाव, कुठून सुरू, कुठे जोडला, काम काय, नस कोणती, पानंच्या पानं तेच. ऐकणारा झोपून जाईल.

मी तिला चार शब्द सांगितले. पुस्तक हाताशी आहे, आवाज स्पष्ट आहे, आता मेहनतीत कमी पडू नकोस. मागच्या वेळी कुठेतरी अभ्यास कमी पडला असणार, या वेळी तसं होऊ देऊ नको. तिने सगळं ऐकून घेतलं. एकदाही उलट बोलली नाही. आजकालच्या पोरांत हे कुठे दिसतं?

जाताना तिने बाईंना विचारलं, "या पुस्तकाचं दुसरं कुणाचं रेकॉर्डिंग आहे का?" बाई म्हणाल्या, "नाही गं, हे एकच." दोन आवाजांत ऐकलं की पक्कं पाठ होत असावं. हुशार मुलगी आहे.

ती गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "काका, अहवाल कुठवर आला?"

२४ जानेवारी

आज जरा मन खट्टू आहे.

ग्रंथालयात शिरलो तर बाईंच्या फोनमधून चिमण्या भांडत असल्यासारखा आवाज. म्हटलं, "ही कोण बाई चिवचिवतेय?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

मीच वाचलेली रहस्यकादंबरी. दुप्पट वेगाने, का त्याहूनही जास्त, मला तर एक शब्द कळेना. माझे ते विराम, ते खालचे सूर, सगळं चेंगरून गेलेलं. बाईंना मात्र त्यातलं अक्षर न् अक्षर कळत होतं आणि शेजारी त्या माइकची वायर जोडत होत्या.

"सगळे असंच ऐकतात?"

"बहुतेक. वेळ वाचतो ना. तुम्ही पेपर वाचताना एकेक अक्षर लावता का?"

या बाईचा मेंदू कसला आहे, मी थक्क होऊन बघत राहिलो. पण घरी येताना वाटेत वाटलं, मग मी थांबायचं तरी कुणासाठी?

२८ जानेवारी

हा दिवस लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

अहवालाचा मसुदा तयार झाला. सभासद शंभर टक्के समाधानी. हिला वाचून दाखवला, अर्थात योग्य त्या चढउतारांनी. हिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "फोन कुणी केले?"

"मी."

"आणि पुस्तकं कुणी वाचली?"

"बरीचशी मीच. पण मी नाव सांगितलं नव्हतं."

हिने माझ्याकडे पाहिलं. आधी ओठ दाबले, मग खांदे हलायला लागले, आणि मग ही खुर्चीत मागे रेलून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला काही उमगेना. शेवटी पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो, तुमचा आवाज ऐकत ती माणसं जेवतात, झोपतात. तुम्ही 'हॅलो' म्हणालात की त्यांना कळणार नाही? नाव कशाला सांगायला हवं?"

ती सर्दी! 'तुम… म्हणजे काकांचं'! सगळं एकदम डोक्यात आलं आणि कान तापले. रोज ज्यांच्या कानात बोलतो, त्यांच्यासमोर मी चेहरा झाकून गेलो होतो. चेहरा! त्यांच्यासमोर! इतका मूर्खपणा विमा कचेरीतही कुणी केला नसेल.

मसुदा फाडला. ही म्हणाली, "कागद कशाला फाडता, पाठकोरा आहे."

२९ जानेवारी

बाईंना सांगितलं. वाटलं होतं हसतील. त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्हाला दोन दिवसांत कळेल." मग आपणच गडबडीने म्हणाल्या, "म्हणजे, फोन करताना."

त्यांना आधी सुचलं असतं तर त्यांनी मला सावध केलंच असतं. इतक्या कामात त्यांनी तरी कशाकशाकडे बघावं?

आता फोन ही करणार. तिचा आवाज कुणाच्या ओळखीचा नाही आणि तिला समोरच्याची तक्रार ऐकून राग येत नाही, हा तिचा कमावलेला गुण आहे. मी म्हटलं, मी शेजारी बसून ऐकतो. ही म्हणाली, "तुम्ही गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घाला."

३ फेब्रुवारी

कुंड्या बुडायच्या बाकी आहेत.

ही फोनवर काय विचारते ते मी दाराआडून ऐकलं. 'कसं वाटलं' हा प्रश्नच नाही! म्हणते, "मी काही तुमच्यासाठी वाचत नाही. मला तसं मोठ्याने वाचताही येत नाही. मी फक्त विचारते. कोणतं पुस्तक मधेच बंद केलंत? कुठे बंद केलंत?" आणि मग गप्प बसते. इतकी गप्प की पलीकडचा माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला गप्प बसता येतं हे मला ठाऊक नव्हतं. आज मी बायकोला नव्याने ओळखलं असं म्हणायला हरकत नाही.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी हिने मला समोर बसवलं. "नावं सांगणार नाही. खिडकीत असतानाही कधी सांगितली नाहीत. ऐकायचं असेल तर ऐका."

मी म्हटलं, ऐकतो.

एका बाईंनी रहस्यकादंबरी पहिल्याच प्रकरणात बंद केली, कारण वाचणाऱ्याने खुन्याचा आवाज खुन्यासारखा काढला होता. एक जण माझं पुस्तक रोज न चुकता लावतात, झोप चांगली लागते म्हणून. कुणाला पान उलटल्याचा आवाज आवडतो, तो कापू नका म्हणाले. कुणाला प्रकरण कुठे सुरू होतं तेच सापडत नाही, चाचपडत राहावं लागतं. आणि दंतवैद्याला सगळे मानतात. "ते मधे येत नाहीत," असं एकाने म्हटलं.

मी बऱ्यापैकी हसत होतो. खुन्याच्या आवाजावर तर खूपच. मग हिचा सूर बदलला.

"शरीररचनेचं पुस्तक. त्यात कोष्टकं नाहीत. मागच्या परीक्षेत बरेच प्रश्न कोष्टकांवरचे होते. तेवढे कोरे सोडावे लागले."

ते पुस्तक नेणारी सभासद एकच आहे. 'मेहनतीत कमी पडू नकोस.' मी तिला म्हणालो होतो! तिच्या तोंडावर! आणि ती उभी राहून ऐकत होती, काठी दोन्ही हातांनी धरून.

"मी नाव सांगितलेलं नाही," ही म्हणाली. "तुम्ही ओळखलंत तर ते तुमच्यापाशी ठेवा." मग जरा थांबून, "परीक्षा कधी आहे त्या पोरीची?"

६ फेब्रुवारी

बाईंना म्हटलं, मी कोष्टकं गाळली होती, ती आता वाचतो. पण कोष्टक वाचायचं तरी कसं? उभं? आडवं?

"मला शाळेत गणित होतं, स्नायू नव्हते," बाई म्हणाल्या. "जिला हवंय तिला विचारा."

फोन लावताना आवाज फुटेना, माझा! नाव सांगितलं या वेळी. म्हटलं, "तुझ्या पुस्तकातली कोष्टकं मी गाळली. ती माझी चूक. परीक्षेच्या आत सगळी करून देतो. कशी वाचू ते सांग."

ती लगेच म्हणाली, "नाही हो काका, तुम्ही छानच—"

"ते राहू दे. मला शिकव."

मग ती बोलली, आणि पहिल्यांदाच सावकाश बोलली. "काका, तुम्ही फुकट वाचता. चूक काढली, आणि तुम्हाला राग येऊन तुम्ही सोडून गेलात, तर आहे तेही जाईल ना? म्हणून कुणीच बोलत नाही."

"तुझ्या आईने वाचून दाखवलं नाही?"

"तिला ते शब्द येत नाहीत. एकेक अक्षर लावत बसते बिचारी, मग आम्ही दोघी रडकुंडीला येतो. मशीनकडून वाचून घेतलं तर सगळे रकाने एकमेकांत घुसतात. खांद्याच्या स्नायूला गुडघ्याची नस."

मला हसू आलं आणि रडूही. तीही हसली. तिला हसताना मी आज पहिल्यांदा ऐकलं.

९ फेब्रुवारी

मुलगी म्हणजे हेडमास्तरीण निघाली! पहिलं कोष्टक वाचून पाठवलं, दहा मिनिटांत फोन. "नाही काका. पुन्हा."

नियम असे. आधी सांगायचं, कोष्टक सुरू. रकाने किती, कोणते. मग प्रत्येक ओळीला प्रत्येक रकान्याचं नाव पुन्हा घ्यायचं. 'स्नायू अमुक. सुरू इथून. जोडला इथे. काम हे. नस ही.' कंटाळा आला तरी. शेवटी, कोष्टक संपलं. आणि नाट्य नको.

"काका, ते तुम्ही 'हृदय' म्हणून थांबता ना, तिथे मला दर वेळी वाटतं फाइल बंद पडली. मी फोन झटकते."

माझा सर्वात गाजलेला विराम! मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस. खरंच बरं झालं. तोंडावर 'छान' म्हणून पाठ फिरवणाऱ्यांपेक्षा ही 'पुन्हा' म्हणणारी पोर मला लाखपटीने मोठी वाटली. त्या 'पुन्हा'ला केवढं धैर्य लागलं असेल! मी रागावून निघून गेलो असतो तर तिचं काय राहिलं असतं?

१२ फेब्रुवारी

कोष्टकं इतकी आहेत की मला एकट्याला परीक्षेपर्यंत जमणार नाही. दंतवैद्याकडे गेलो. तो कुणाच्या तरी दाढेत वाकला होता. बाहेर आल्यावर सरळ सांगितलं, तुझा सूर सपाट आहे म्हणून मी आजवर तुला नावं ठेवली, आता तोच सूर मला हवा आहे. अर्धी कोष्टकं वाचशील का?

"पायाची द्या," तो म्हणाला. "डोक्याची रोज बघतो."

त्याने वाचलेलं पहिलं कोष्टक घाईवालीने एकदाही परत पाठवलं नाही. मला थोडं लागलं. थोडंच. माणूस उत्तम वाचतो.

१८ फेब्रुवारी

रोज दोन वेळा रजयांच्या खोलीत. खाली रंगाचे डबे उतरवायला गाडी आली की थांबायचं, गाडी गेली की ओळ पहिल्यापासून. बाई दाराबाहेर बसून ऐकतात आणि चुकलं की दारावर एकदा वाजवतात. आज मी 'मनगट' शब्दावर नकळत जरा भाव खाल्ला. वाजलंच दार.

प्रत्येक प्रकरण झालं की लगेच तिला जातं. तिची आई कामावरून आल्यावर रेकॉर्डिंग थांबवून प्रश्न विचारते म्हणे, मुलगी उत्तरं देते. आईला शब्द वाचता येत नाहीत, पण ऐकून ऐकून तिलाही अर्धं पाठ झालंय. काल शाळेत फरशी पुसताना खांदा भरून आला तर आईने त्या स्नायूचं नाव घेऊन शिवी दिली.

ही अजून फोन करते आहे. सभासद संपले तरी काही जण आता आपणहूनच हिला फोन करतात. मी विचारलं, काय बोलता एवढं? "तुमच्याबद्दल," म्हणाली. पुढे काही विचारायची मला हिंमत झाली नाही.

२४ फेब्रुवारी

शेवटचं कोष्टक दुपारी झालं. पाठवलं. उत्तर आलं, 'मिळालं.' छान नाही, धन्यवाद नाही. ऐकायला बसली असणार लगेच.

अहवालही दिला. टक्के वगैरे काही नाहीत. मुख्य गोष्टी तीनच लिहिल्या. ज्याने वाचलं त्याने विचारू नये. 'आवडलं का' असं न विचारता 'कुठे बंद केलंत' असं विचारावं. आणि ज्याने दोष सांगितला त्याला पुढे काय झालं ते कळवावं, नाहीतर तो दुसऱ्यांदा सांगणार नाही. तिसरी गोष्ट हिची. दुसरीही हिचीच, खरं म्हणजे. पहिलीही. समितीने विचारलं, हे कुणाला सुचलं? मी म्हटलं, पाणीपुरवठा खात्याला.

२६ फेब्रुवारी

आज तिची परीक्षा. सकाळपासून कशातच लक्ष लागलं नाही. गच्चीवर गेलो आणि कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं.

७ मार्च

रहस्यकादंबरी पहिल्यापासून वाचायला घेतली आहे, साध्या आवाजात. कठीण जातं. खुनी आला की घसा आपोआप घोगरा होऊ पाहतो. बाईंना म्हटलं, तुम्ही ते काम माझ्यावर सोपवलंत म्हणून हे सगळं कळलं, केवढा योग! त्या म्हणाल्या, "हो ना, केवढा योग." आणि टेबलावर हात आपटून हसल्या. छापील फॉर्मचा किस्सा आठवला असावा.

२१ मार्च

चारच्या सुमारास फोन. घाईवाली. हॅलो नाही, काही नाही.

"काका, पाचव्या प्रकरणात दंडाच्या कोष्टकात तुम्ही एक ओळ दोनदा वाचलीय. आणि दुसऱ्यांदा वाचताना नस वेगळी सांगितलीय. बरोबर कोणती ते आई शाळेतल्या सरांना विचारून आली म्हणून मला कळलं. दुरुस्त करून घ्या. पुढच्या वर्षी जी कुणी बसेल तिला विचारायला कुणी नसलं तर?"

"करतो. उद्याच करतो. पण तू… निकाल?"

"तो सकाळीच लागला. झाले मी पास. दंडाच्या मागच्या बाजूचं पण एकदा तपासा. आणि डॉक्टरांना सांगा, टाचेपाशी ते जांभई देतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "काका? हॅलो? बंद पडलं का?"

"नाही," म्हटलं, "थांबलोय जरा."

"बरं. या वेळी चालेल," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, घाईवालीचा फोन होता, तक्रार आहे, मी एक ओळ चुकलोय. हिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "अभिनंदन."

उद्या सकाळी नऊला रजयांची खोली. पाचवं प्रकरण, दंड.